एका नामशेष प्राण्याचें चित्र

चित्र पाहतांना तें सुंदर आहे कीं नाहीं, एवढेंच बहुधा विचारलें जातें. सृष्टिविज्ञानाच्या जुन्या ग्रंथांतील चित्रांच्या बाबतींत मात्र ह्या एकाच प्रश्नानें भागत नाहीं. तें चित्र कोणीं काढिलें, जिवंत प्राणी समोर ठेवून काढिलें कीं वाळलेल्या कातड्यावरून काढिलें, कोणासाठीं काढिलें, आणि चित्र पुरें झाल्यावर त्या प्राण्याचें पुढें काय झालें, हे प्रश्नही विचारले पाहिजेत, असें आमचें मत आहे. ह्यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असून तोच विचारावयाचा राहून जातो. नुसतें मत सांगून तें कोणास पटावयाचें नाहीं. म्हणून एका प्रसिद्ध चित्राची हकीकत आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

हें चित्र टास्मानिया बेटांतील ‘थायलसीन’ नांवाच्या प्राण्याचें आहे. जॉन गूल्ड ह्या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञानें ऑस्ट्रेलियांतील सस्तन प्राण्यांवर तीन खंडांचा एक भव्य ग्रंथ 1845 पासून 1863 पर्यंत भागशः प्रसिद्ध केला. त्यांत एकंदर 182 रंगीत चित्रें आहेत. त्यांपैकीं दोन थायलसीनचीं असून तीं हेन्री कॉन्स्टंटाईन रिक्टर ह्या चित्रकाराच्या हातचीं आहेत. एका चित्रांत नर व मादी जोडीनें दाखविलीं आहेत. दुसऱ्यांत केवळ नराचें मस्तक आहे, पण तें प्रत्यक्ष आकाराएवढें. कुत्र्यासारखें लांबट तोंड, पिंगट अंग, पाठीच्या मागील भागावरून खालीं उतरलेले काळसर पट्टे आणि मुळाशीं जाड असलेलें ताठ शेपूट हीं सर्व लक्षणें त्यांत इतकीं स्पष्ट आहेत कीं, ज्यानें हा प्राणी कधींच पाहिला नाहीं त्यासही त्याची ओळख पटावी. आणि आज तर जगांतील प्रत्येक मनुष्य ‘ज्यानें हा प्राणी कधींच पाहिला नाहीं’ अशा वर्गांतच मोडतो म्हटल्यास फारशी चूक होणार नाहीं.

प्राण्याविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. कांगारूचें पिलूं अगदीं अपुऱ्या वाढीचें जन्मास येतें आणि आईच्या पोटावरील पिशवींत वाढतें, हें आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक असेल. थायलसीन हा ह्याच पिशवीवाल्या प्राण्यांच्या वर्गांतला. तो दिसावयास लांडग्यासारखा होता. परंतु नात्यानें लांडग्याहून कांगारूस कितीतरी जवळचा. शिकार करून जगणाऱ्या दोन अगदीं भिन्न कुळांच्या अंगास सारखेंच वळण कसें लागतें, ह्याचें तो एक नामांकित उदाहरण आहे. त्याचें डोकें व धड मिळून लांबी एक मीटरहून कांहींशी अधिक भरे, शेपूट आणखी अर्ध्या मीटराचें, आणि पाठीवर 15 ते 20 पट्टे असत. मादीच्या पिशवीचें तोंड मागच्या बाजूस उघडे, आणि नरासही लहानशी पिशवी असे. पट्ट्यांमुळें वसाहतवाल्या गोऱ्या लोकांनीं त्यास कधीं वाघ तर कधीं लांडगा म्हटलें. ह्या दोन्ही नांवांनीं त्या गरीब प्राण्याचें केवढें नुकसान केलें, तें पुढें दिसेलच.

ह्या प्राण्याचीं सर्वांत जुनीं चित्रें युरोपियनांनीं काढिलेलीं नाहींत. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून थायलसीन सुमारें 3000 वर्षांपूर्वीं नाहींसा झाला; तथापि त्या खंडाच्या उत्तरेकडील खडकांवर तेथील मूळ रहिवाशांनीं रंगविलेल्या आकृतींत हा पट्टेदार प्राणी आजही ओळखतां येतो. कागदावरील पहिलें शास्त्रीय वर्णन मात्र 1808 सालचें आहे. टास्मानियास त्या वेळीं व्हॅन डीमनची भूमि म्हणत. तेथें दुय्यम सर्व्हेयर जनरलच्या हुद्द्यावर असलेल्या जॉर्ज हॅरिस ह्यानें तें लिहिलें, आकृतिही काढिली, आणि लंडनच्या लिनियन सोसायटीनें दोन्ही प्रसिद्ध केलीं. हॅरिसच्या हातीं आलेला प्राणी कांगारूच्या मांसाचें आमिष लाविलेल्या सांपळ्यांत धरलेला होता, आणि धरतांना आंतून इजा झाल्यामुळें तो कांहीं तासच जगला. म्हणजे युरोपांतील शास्त्रज्ञांस थायलसीनची पहिली ओळख झाली ती एका मरणोन्मुख जनावराच्या चित्रानें! तें चित्र ओबडधोबड आहे खरें. परंतु जें पाहिलें तें त्यानें काढिलें, आणि प्राणी कसा सांपडला व किती वेळ जगला, हेंही लपवून न ठेवितां लिहिलें. चित्राखालच्या अशा चार ओळींची किंमत आम्ही चित्राइतकीच समजतों.

रिक्टरची गोष्ट याहून चांगली. 1850 सालीं थायलसीनचें एक जोडपें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत आलें, आणि गूल्डच्या ग्रंथांतील चित्रें तेथील जिवंत प्राण्यांवरून तयार झालीं. हीं चित्रें शिळाछापाचीं आहेत. एकोणिसाव्या शतकांत आपल्याकडे पोथ्या व पंचांगें ज्या पद्धतीनें निघत, तीच ही पद्धति. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनें आकृति काढावयाची व दगड ओला करावयाचा. मग शाई तेलकट रेषांनाच धरते, ओल्या भागास लागत नाहीं, आणि वर कागद दाबला म्हणजे छाप उठतो. रंग मात्र छापलेले नसत. एकेका प्रतीवर कारागीर कुंचल्यानें ते भरीत. इतक्या खटपटीनें निघालेला ग्रंथ सामान्य माणसाच्या आटोक्यांतला नव्हता, हें उघडच आहे. धनवान वर्गणीदारांच्या दिवाणखान्यांत थायलसीनचें जोडपें अशा रीतीनें मोठ्या मानानें जाऊन बसलें.

आतां ह्या चित्राबरोबर गूल्डनें काय लिहिलें तें पाहूं. त्याचें भाकीत असें कीं, ह्या लहानशा बेटांत वस्ती दाटेल, रानांतून एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत रस्ते होतील, मग हा प्राणी झपाट्यानें कमी होत जाईल, आणि इंग्लंड व स्कॉटलंड येथील लांडग्याप्रमाणें त्याचीही गणना गतकाळच्या प्राण्यांत होईल. हें भाकीत अक्षरशः खरें ठरलें. परंतु त्याच वाक्याच्या ओघांत तो पुढें म्हणतो कीं, असें झालें तर मोठा खेद वाटेल, तरी एवढ्या उपद्रवी प्राण्याचें उच्चाटन व्हावें अशी इच्छा करणाऱ्या मेंढपाळास किंवा शेतकऱ्यास दोष देतां येणार नाहीं. येथें आमचा गूल्डशीं मतभेद आहे. त्याची विद्वत्ता मोठी, त्याचें परिश्रम त्याहून मोठे. पण अपराध घडण्यापूर्वींच खेदही प्रकट करून टाकावयाचा आणि क्षमाही देऊन मोकळें व्हावयाचें, ही रीति आम्हांस मान्य नाहीं. जो नाश डोळ्यांपुढें स्पष्ट दिसत आहे, तो टाळण्याचा उपाय कोणता, ह्याविषयीं एक शब्द तरी त्या सुंदर चित्राशेजारीं असता तर बरें झालें असतें.

पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगण्यासारखें आहे. मेंढ्या पाळण्याचा धंदा करणाऱ्या एका कंपनीनें 1830 सालापासूनच थायलसीन मारणारास बक्षीस देण्यास आरंभ केला होता. 1886 सालीं हा प्रश्न टास्मानियाच्या कायदेमंडळांत आला, आणि 12 विरुद्ध 11 अशा केवळ एका मताच्या आधिक्यानें सरकारी बक्षिसाचा ठराव संमत झाला. 1888 पासून 1909 पर्यंत मोठ्या जनावरामागें एक पौंड व पिलामागें दहा शिलिंग ह्या दरानें सरकारनें 2184 बक्षिसें वांटलीं. एका मताच्या जोरावर एका जातीच्या मृत्युपत्रावर सही झाली! ह्याशिवाय रानें तुटत गेलीं, माणसानें आणिलेले कुत्रे रानांत मोकाट झाले, आणि रोगाची सांथही आली असें अभ्यासक म्हणतात. तेव्हां सर्व दोष बक्षिसावर घालणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु बाकीचीं संकटें कोणी ठराव करून आणिलीं नव्हतीं, हें एक आणिलें होतें.

‘पण मेंढपाळाचें नुकसान होत नव्हतें काय?’ असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. ज्याच्या कळपांतील जनावर सकाळीं मेलेलें आढळतें त्याचें दुःख पुस्तकी नसतें, हें आमच्या खेड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांस वेगळें सांगावयास नको. तथापि नुकसान खरें असलें म्हणजे आरोपही खरा असतो असें नाहीं. मेंढ्या मोकाट कुत्र्यांनीं मारल्या, चोरांनीं पळविल्या, थंडीवाऱ्यानें व गैरव्यवस्थेनेंही मेल्या. पण ह्या साऱ्यांचें खापर पट्टेवाल्या प्राण्यावर फोडणें सर्वांत सोयीचें होतें. 2011 सालीं ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञांनीं त्याच्या कवटीच्या रचनेवरून जबड्याच्या ताकदीचा हिशेब केला, तेव्हां पूर्ण वाढलेली मेंढी लोळविण्याइतका तो जबडा समर्थ नव्हता असें अनुमान निघालें. 2020 सालच्या दुसऱ्या एका अभ्यासांत थायलसीनचें सरासरी वजन सुमारें 17 किलो ठरलें. पूर्वीं तें 30 किलोच्या आसपास धरीत असत. लहान प्राणी व पक्षी ह्यांवर निर्वाह करणाऱ्या जनावरास ‘वाघ’ म्हणून हाक मारली, आणि वाघास जी शिक्षा द्यावयाची ती त्यास दिली, असा हा प्रकार आहे. एखाद्या कोंकरावर त्यानें झडप घातलीच नसेल असें आमचें म्हणणें नाहीं. अपराधाच्या मानानें शिक्षा किती, एवढाच आमचा प्रश्न.

येथें चित्राचा विषय पुन्हा येतो. कित्येकांचें म्हणणें असें कीं, हातानें काढिलेल्या चित्रांचा काळ गेला. कॅमेरा खोटें बोलत नाहीं, म्हणून फोटोग्राफ हीच खरी साक्ष. त्यांनीं 1921 सालीं एका ऑस्ट्रेलियन नियतकालिकांत छापलेला हॅरी बरेल ह्याचा फोटोग्राफ अवश्य पाहावा. त्यांत थायलसीन तोंडांत कोंबडी धरून उभा आहे. हा फोटो पुढें अनेक ठिकाणीं पुन्हा पुन्हा छापला गेला, आणि ‘कोंबड्याचोर’ ही त्या प्राण्याची अपकीर्ति त्यानें घट्ट केली. मागाहून मूळ फोटो तपासतां असें दिसून आलें कीं, कुंपण व घर दाखविणारा भाग कापून टाकून तेवढाच तुकडा छापला होता. म्हणजे तें रानांतलें दृश्य मुळींच नव्हतें. इतकेंच नव्हे, तर तो प्राणीच मेलेला असून फोटोसाठीं मांडून ठेविलेला असावा, असा निष्कर्ष एका अभ्यासकानें काढिला आहे. तेव्हां खरेंखोटें हें कुंचल्यावर किंवा कॅमेऱ्यावर अवलंबून नसून तो धरणाऱ्याच्या सचोटीवर अवलंबून असतें. हॅरिसच्या वेड्यावांकड्या चित्रानें प्राण्यावर अन्याय केला नाहीं. ह्या सफाईदार फोटोनें केला.

शेवट लवकरच आला. प्राणी दुर्मिळ होतांच त्याची किंमत वाढली. ज्याच्या मृत देहास सरकारनें एक पौंड दिला होता, त्याच्या एका जिवंत नमुन्यासाठीं 1926 सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयानें 150 पौंड मोजले. तो 1931 सालीं मेला. 1930 सालीं एका शेतकऱ्यानें आपल्या शेतावर एक थायलसीन गोळी घालून मारला. रानांतल्या थायलसीनचा हा शेवटचा निश्चित वध होय. 1936 सालच्या जुलैच्या 10 तारखेस टास्मानिया सरकारनें ह्या प्राण्यास कायद्याचें संरक्षण दिलें. आणि त्याच वर्षीं सप्टेंबरच्या 7 तारखेस होबार्ट शहराच्या प्राणिसंग्रहालयांतील शेवटचा ज्ञात थायलसीन मरण पावला. कायदा आणि मृत्यु ह्यांत अवघें 59 दिवसांचें अंतर! आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघानें 1982 सालीं व टास्मानिया सरकारनें 1986 सालीं ही जात नामशेष झाल्याचें मान्य केलें.

ह्या अखेरच्या प्राण्याच्या अवशेषांची गोष्ट शाळेंत शिकणाऱ्यांनीं विशेष लक्षांत ठेवावी. त्याचें कातडें व सांगाडा कोठें गेला ह्याचा पत्ता पुष्कळ वर्षें लागत नव्हता. 2022 सालीं असें उघडकीस आलें कीं, ते होबार्टच्या संग्रहालयांतच एका कपाटांत पडून होते. ती एक वयस्क मादी होती. तिचें कातडें कमावून शाळाशाळांतून मुलांस दाखविण्यासाठीं फिरविलें जात असे. कित्येक मुलांनीं त्यावरून हात फिरविला असेल. परंतु आपण ह्या जातीच्या अखेरच्या ज्ञात जीवास स्पर्श करीत आहों, हें त्यांपैकीं एकासही कळलें नसावें, कारण तें दाखविणाऱ्यांसच माहीत नव्हतें. वस्तु हातांत असून तिच्यावरची चिठ्ठी नसली म्हणजे असें होतें.

आणि मेल्यानंतर ह्या प्राण्याचा केवढा गौरव झाला! टास्मानियाच्या राजचिन्हांत ढालीच्या दोहों बाजूंस दोन थायलसीन उभे आहेत, आणि ती मंजुरी 1917 सालची, म्हणजे बक्षीस बंद होऊन आठच वर्षें झालीं असतांनाची. रिक्टरचें चित्र पुनःपुन्हा छापलें गेलें. 1987 सालीं तर तें बीरच्या बाटलीवरील चिठ्ठीवरही जाऊन बसलें. शेवटच्या थायलसीनची मृत्युतिथि 7 सप्टेंबर ही ऑस्ट्रेलियांत 1996 पासून संकटग्रस्त प्राण्यांचा दिवस म्हणून पाळितात. कांहीं शास्त्रज्ञ जुन्या नमुन्यांतील अनुवंशद्रव्याच्या साहाय्यानें त्यास पुन्हा जन्मास घालण्याच्या खटपटींत आहेत. ह्या उद्योगास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. पण जो 1886 सालीं एका मतानें वांचला असता, त्यास परत आणण्यास केवढी विद्या व केवढा पैसा खर्च करावा लागत आहे, तें पाहून कोणासही विषाद वाटेल.

तर मग रिक्टरच्या चित्राचा उपयोग काय झाला? त्यानें प्राणी वांचला नाहीं, हें खरें. परंतु तो दोष चित्राचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. चित्रानें आपलें काम चोख केलें. जिवंत प्राणी जसा होता तसा त्यानें पुढें उभा केला. थायलसीनचीं हलतीं चित्रें, म्हणजे चलच्चित्रपट, आज जगांत सारे मिळून तीनच मिनिटांहून थोडे अधिक उपलब्ध आहेत आणि तेही मूळचे बिनरंगी. त्याच्या अंगाचा रंग जिवंतपणीं कसा दिसे, हें सांगणाऱ्या थोड्या साक्षींपैकीं हा शिळाछाप एक आहे. साक्षीदारानें साक्ष दिली. ऐकणारांनीं ती ऐकून पान उलटलें. कौतुक पुष्कळ झालें, पण ज्याचें कौतुक केलें त्याची चौकशी कोणी केली नाहीं. सौंदर्यदृष्टि आणि कर्तव्यबुद्धि ह्यांची अशी फारकत झाली म्हणजे सुंदर ग्रंथ राहतात व सुंदर प्राणी जातात.

ह्यावरून आमच्या विद्यार्थिबंधूंस व भगिनींस आम्ही तीन गोष्टी सुचवितों. पहिली ही कीं, वर्गांतील भिंतीवर प्राण्याचें चित्र असेल त्याच्याखालीं त्याची आजची स्थिति, म्हणजे तो विपुल आहे, विरळ आहे कीं नाहींसा झाला आहे, हें वर्षासह लिहून ठेवावें, व दर वर्षीं तें पुन्हा तपासावें. दुसरी ही कीं, स्वतः चित्र काढतांना दुसऱ्या चित्रावरून नक्कल करण्यापेक्षां अंगणांतील खार, चिमणी किंवा सरडा समोर बसून पाहावा, आणि हॅरिसप्रमाणें दिवस, स्थळ व प्रसंग खालीं नमूद करावा. चित्र वेडेंवांकडें झालें तरी चिंता नाहीं. तिसरी व सर्वांत महत्त्वाची ही कीं, एखाद्या प्राण्यावर गांवानें आरोप केला तर त्याचें नांव भयंकर आहे एवढ्यावरून निवाडा करूं नये. पुरावा विचारावा, आणि ज्याचें खरोखर नुकसान झालें असेल त्यास भरपाई मिळावी म्हणूनही तितक्याच आग्रहानें बोलावें. जनावराचा कैवार घेतांना माणसाचें दुःख विसरणारा मनुष्य गांवांत कोणाचेंच मन वळवूं शकत नाहीं.

1886 सालच्या त्या सभागृहांत एकानें जरी विरुद्ध बाजूस हात वर केला असता, तरी सरकारी बक्षिसाचा तो ठराव त्या दिवशीं संमत झाला नसता. आज शाळेंत बसलेल्यांपैकीं कित्येकजण उद्यां ग्रामपंचायतींत, नगरपालिकेंत, कदाचित् विधिमंडळांतही बसतील. मुक्या प्राण्याच्या भवितव्याचा प्रश्न तेथें निघेल तेव्हां त्यांच्या मतास किंमत असेल. त्या वेळीं त्यांनीं विचारपूर्वक मत द्यावें, एवढ्यासाठींच गूल्डच्या ग्रंथांतील हें जोडपें आम्ही आज त्यांच्यापुढें ठेविलें आहे.